‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे पवित्र शास्त्र म्हणत नाही

कुणाच्या घरात मोठं आजारपण आलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं माणूस गेलं, की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘देव झेपेल त्यापेक्षा जास्त दुःख कुणालाच देत नाही. म्हणून रडू नका, का म्हणून विचारू नका. विश्वास पक्का असेल तर संकट टळणारच. आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा.’ पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण यातलं एकही वाक्य पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, टिकत नाही, आणि ज्याला आधीच झेपेनासं झालंय त्याला वर अपराधी वाटायला लागतं ते वेगळंच.

‘झेपेल तेवढंच देतो’

याला आधार म्हणून १ करिंथ १०:१३ दाखवतात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन. तो अध्याय सुरुवातीपासून वाचावा. पौल तिथे अरण्यातल्या इस्राएल लोकांची आठवण करून देतोय: त्यांची मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर. मग तो म्हणतो की अशी परीक्षा येईल तेव्हा देव निभावण्याचा मार्गही ठेवील. आणि लगेच पुढच्या वचनात, मूर्तिपूजेपासून दूर पळा. इथे विषय पापात पडण्याचा आहे. कॅन्सरचा किंवा पोटचं मूल गमावण्याचा नाही. कुणी म्हणेल, परीक्षेत दुःखही आलंच की. बरं, आलं. तरी ते वचन देव विश्वासू आहे असं सांगतं. तुमची सहनशक्ती किती, याची हमी ते देत नाही.

त्याच पौलाने त्याच करिंथकरांना पुढे स्वतःबद्दल काय लिहिलं, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आसिया प्रांतात आपल्यावर जे संकट आलं ते आपल्या शक्तीपलीकडचं होतं, इतकं की जगण्याचीही आशा उरली नव्हती, असं तो दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो (१:८-९). शक्तीपलीकडचं! संकट नेमकं कोणतं होतं ते तो लिहीत नाही. त्यामागचा हेतू मात्र लिहितो: आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. फिरणाऱ्या मजकुराने नेमकं हेच उलटं केलंय. ‘तुला झेपेल म्हणूनच दिलंय’ असं ऐकल्यावर माणूस देवाकडे कशाला बघेल? तो स्वतःच्याच ताकदीचा हिशोब करत बसतो, आणि ती संपली की त्याला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

‘रडू नका, का म्हणून विचारू नका’

मग बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातली, म्हणजे स्तोत्रसंहितेतली, सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं फाडून टाकावी लागतील. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असं विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला जाब विचारला, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर (४२:७). या मित्रांचं एक मात्र चांगलं होतं: पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. आणि वधस्तंभावर त्याने देवाला ‘तू माझा त्याग का केलास?’ असा जो ‘का’ विचारला, तो बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतला आहे. आता ‘का विचारू नका’ हे नेमकं कुणाला सांगायचं?

‘विश्वास पक्का असेल तर टळणारच’

यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. मग पेत्राला धरलं, आणि पेत्राला मात्र देवदूताने तुरुंगातून बाहेर काढलं. दोघेही येशूच्या अगदी जवळचे शिष्य, मंडळी तीच, राजा तोच. याकोबाचा विश्वास कमी पडला असं हे पुस्तक लिहिणारा लूक एका शब्दानेही सुचवत नाही. उलट गंमत बघा: पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करणारी मंडळी, तो दारात उभा आहे असं दासी रुदा सांगत आली तेव्हा तिलाच वेडी म्हणाली. पेत्र सुटला तो काही त्यांच्या पक्क्या विश्वासाच्या जोरावर नव्हे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातही हेच. कुणी सिंहांची तोंडं बंद केली, कुणी तलवारीच्या धारेतून निसटले; आणि दोन-तीन वचनं पुढे, कुणाला धोंडमार झाली, कुणाला करवतीने चिरलं. लेखक दोन्हीकडच्यांना एकाच यादीत घालतो, आणि सर्वांच्या विश्वासाबद्दल साक्ष मिळाली असं म्हणतो (११:३९). अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. पौलानेही शरीरातला काटा (स्वतःच्या एका त्रासाला तो असं म्हणतो) निघावा म्हणून तीनदा विनंती केली. प्याला टळला नाही, काटाही निघाला नाही.

कधी कधी संकट टळतंही. त्यासाठी प्रार्थना करावी, जरूर करावी. पण न टळलेल्या संकटावरून कुणाच्या विश्वासाचं माप काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

‘दहा जणांना पाठवा’

गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला स्पष्ट सांगतो की या सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही. असंच चालायचं असेल तर मला मारूनच टाक. देवाने त्याला ‘झेपेल तुला’ असं म्हटलं नाही. सत्तर वडील जमव, ते तुझ्याबरोबर भार वाहतील, असं सांगितलं. एलीया संदेष्ट्यानेही मरण मागितलं होतं. त्याला आधी झोप आणि दोनदा जेवण मिळालं, देवाशी बोलणं नंतर झालं (१ राजे १९). गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातही पौल एकमेकांची ओझी वाहायलाच सांगतो. म्हणजे रात्री दवाखान्यात कुणीतरी थांबणं, मुलांना शाळेत सोडणं, औषधांची धावपळ करणं, आणि ज्याचं मन पार खचलंय त्याला डॉक्टरांकडे घेऊन जाणं. ग्रुपवर काही टाकायचंच असेल, तर त्या घरी उद्या कोण जातंय ते विचारा.