आधी कायदा की आधी वापर?

विकसनशील देशांची सरकारं तंत्रज्ञानामागे फरफटत जातात, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला अर्धंच पटलं. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली तेव्हा त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. तिथल्या मध्यवर्ती बँकेने अडवलं नाही, फक्त लक्ष ठेवलं. कायदा २०११ मध्ये आला. हे शहाणपणाचंच होतं. पण ‘हुदुमा नांबा’ या डिजिटल ओळखपत्राची घाई मात्र अंगाशी आली. लोकांच्या खासगी माहितीला काय धोका आहे हे आधी तपासलंच नव्हतं, म्हणून २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या ओळखपत्रांचं वाटप बेकायदा ठरवलं. आणि बोटांच्या ठशांवरूनच ओळख पटवायची, तर ज्याचे ठसे कष्टाने झिजलेत, यंत्र ज्याला ओळखतच नाही, त्याने कुठे जायचं? त्याच्यासाठी खिडकीत माणूस बसलेला हवाच.