कॅटलॉग विभाग बंद करा म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कॅटलॉगिंगवर, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्यावर, होणारा खर्च म्हणजे उधळपट्टी आहे, असं त्याचं म्हणणं. माझ्या भाचीला तो तिच्या पीएच.डी.च्या ग्रुपवर आला. तिने मला पाठवून विचारलं, ‘मावशी, मग तुमच्या त्या ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या संगणकावरच्या कॅटलॉगमध्ये) मी वेळ का घालवू?’ पाठोपाठ कळलं की एका कॉलेजच्या प्राचार्यांनी तोच मजकूर आपल्या ग्रंथपालाला ‘विचार व्हावा’ असा शेरा मारून पाठवला आहे. हे वाचून मला राग आला, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. मी हे काम रोज करते.

मजकुरातले दावे असे: वर्गांक, म्हणजे पुस्तकाला दिलेला विषयाचा आकडा, ही इंग्रजांनी लादलेली पद्धत आहे, ते आकडे म्हणजे गुप्त लिपी आहे, एक पुस्तक एकाच विषयात कोंबलं जातं, त्यामुळे आंतरविद्याशाखीय संशोधन होत नाही, नियतकालिकं ऑनलाइन आल्यामुळे त्यांच्या नोंदी ठेवण्यात अर्थ नाही, त्यासाठी परदेशी संस्थेला पैसे जातात, आणि सगळं गूगलवर मिळतं, तेव्हा हा विभाग बंद करून शीर्षकांची अकारविल्हे एक्सेल यादी ठेवली की पुरे.

पहिला दावा दोन ओळींत निकालात निघतो. वर्गांक देण्याची ड्यूईची दशांश पद्धत अमेरिकन आहे, १८७६ची. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयं पसरली त्यात सयाजीराव गायकवाडांचा वाटा मोठा. त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुढे १९३३ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी वर्गीकरणाची स्वतःची कोलन पद्धत प्रसिद्ध केली, आणि जगभर ग्रंथालयशास्त्र शिकवताना ती आजही शिकवली जाते. यात इंग्रजांनी काय लादलं?

आकडे म्हणजे गुप्त लिपी, हेही खोटं. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढे १ लागला की कविता, २ लागला की नाटक, ३ लागला की कथा-कादंबरी. आमच्याकडे एम.ए.ला येणारी मुलं हे एका दुपारी शिकतात आणि मग न विचारता थेट कपाटाशी जातात.

एक पुस्तक एकाच विषयात कोंबतात, हे कपाटापुरतं खरं आहे, कारण एक प्रत दोन जागी ठेवता येत नाही. कॅटलॉग मात्र नेमका त्यासाठीच असतो. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचा एक भिक्षुक उत्तरेत जातो, १८५७च्या धामधुमीत सापडतो आणि परत येऊन ते लिहितो. हा इतिहास, प्रवासवर्णन की आत्मकथन? कपाटात त्याला एक जागा मिळेल. पण नोंदीत तिन्ही विषयशीर्षकं देता येतात, झाशीसुद्धा देता येते, आणि त्यांतल्या कुठल्याही वाटेने आलेला वाचक त्याच पुस्तकापाशी पोचतो. शेतकरी आत्महत्यांवरचं पुस्तक अर्थशास्त्राचं, समाजशास्त्राचं की शेतीचं, हा प्रश्न आम्हाला रोज पडतो, आणि त्यावर तोडगा रोज निघतो. रंगनाथनांची सगळी मांडणीच या प्रश्नातून आली: विषयाला तयार खण देण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करायचे आणि पुन्हा जोडायचे.

आता तो गूगलचा आणि एक्सेलचा दावा. सगळ्यात जास्त नुकसान करणारा हाच, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

शीर्षकांची यादी केली असं धरू. ‘ज्ञानेश्वरी’ ज्ञ मध्ये जाईल, ‘भावार्थदीपिका’ भ मध्ये, ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ स मध्ये. ग्रंथ एक, जागा तीन. कर्त्याचं नाव कुठे ज्ञानेश्वर, कुठे ज्ञानदेव, परदेशी पुस्तकांत रोमन लिपीतली आणखी वेगळी रूपं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे एक्सेलच्या रकान्याला कोण सांगणार? कॅटलॉगमध्ये एक नाव प्रमाण ठरवलेलं असतं आणि बाकीच्या नावांवरून त्याच्याकडे वाट लावून दिलेली असते. उलटही घडतं: ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ हे नाव वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या ग्रंथांना आहे. यादीत ते एकाखाली एक येतील आणि विद्यार्थी हाताला लागेल तो उचलेल.

जुनं मराठी पुस्तक टेबलावर आलं की मी आधी मुखपृष्ठ बाजूला ठेवते आणि शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू आणि प्रस्तावनेखालची तारीख बघते. मागे ‘शके १८२९’ छापलेलं असतं. ते इसवी सन १९०७-०८. नुसता आकडा उचलणारी यादी ते पुस्तक १८२९ सालचं ठरवून मोकळी होते. दुसरी आवृत्ती म्हटलेलं पुस्तक कधी नुसतं पुनर्मुद्रण निघतं, आणि पुनर्मुद्रण म्हटलेल्यात कधी नवं प्रकरण सापडतं. संशोधकाला हा फरक लागतो. तो पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गूगलबद्दल माझं म्हणणं कुणाला पटणार नाही, म्हणून जेफ्री नुनबर्ग यांचा आधार घेते. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला शिकवणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाने २००९ साली ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’मध्ये गूगल बुक्स या ऑनलाइन पुस्तकसंग्रहाच्या नोंदींची तपासणी छापली. कितीतरी पुस्तकांवर प्रकाशनवर्ष म्हणून १८९९ टाकलेलं होतं. १९५०च्या आधीच्या पुस्तकांत ‘इंटरनेट’ शोधलं तर शेकड्यांनी उत्तरं येत होती. ‘मोबी डिक’ या कादंबरीची एक आवृत्ती संगणक विषयात होती. इंटरनेटच्या ब्राउझरवरच्या एका पुस्तकाचा लेखक म्हणून सिग्मंड फ्रॉइडचं नाव होतं. फ्रॉइड वारले १९३९ साली. गूगलच्या या प्रकल्पातल्या अधिकाऱ्याने चुका जाहीरपणे मान्य केल्या. लेख जुना आहे आणि त्यात दाखवलेल्या कितीतरी चुका पुढे सुधारल्या, हे मला माहीत आहे. पण त्या सापडल्या त्या कुणीतरी जाणकार माणूस बसून तपासत होता म्हणून. इंग्रजीतल्या जगप्रसिद्ध पुस्तकांची ही गत, तर वाईच्या किंवा सातारच्या एखाद्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकाची चूक कोण शोधणार आणि कोणाला कळवणार?

हल्ली मुलं चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी घेऊन काउंटरवर येतात. त्यातली काही पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नसतात. ‘असं पुस्तक नाही’ हे खात्रीने सांगायला आम्ही कॅटलॉगच उघडतो.

नियतकालिकांचं उदाहरण मुंबईचंच देते. १९४९ साली सचिन चौधुरींनी ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केलं. ते बंद पडून १९६६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ निघालं. भारतीय खेड्यांवरचे गाजलेले लेख पन्नासच्या दशकातले, म्हणजे जुन्या नावाखालचे. ज्याला फक्त नवं नाव माहीत आहे तो १९६६पाशी थांबतो. नोंदीत ‘आधीचं नाव’, ‘नंतरचं नाव’ असे दुवे असतात, आणि आपल्याकडे कोणते खंड आहेत, कोणते गहाळ आहेत, तेही. ऑनलाइन वर्गणी संपली की कोणत्या वर्षांपर्यंतचं वाचता येतं, याचंही उत्तर तिथेच मिळतं.

परदेशी संस्थेला पैसे जातात, हे अर्धं खरं. ड्यूई पद्धतीचे हक्क १९८८पासून ओसीएलसी या अमेरिकन संस्थेकडे आहेत, आणि ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते. पण कॅटलॉग ज्यावर चालतो ती कोहा ही संगणकप्रणाली फुकट मिळते, ती न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनली आणि आता आपल्याकडेही वापरली जाते.

अजून एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. ड्यूईने ख्रिस्ती धर्माला २२० ते २८० एवढी ऐसपैस जागा दिली आणि हिंदू धर्माला २९४.५मध्ये दाटीवाटीने बसवलं. इंग्रजी साहित्याला अख्खं ८२०, मराठीला दशांशानंतरची जागा. हा कल आहेच. त्याहून जवळची तक्रार म्हणजे आमच्या जुन्या मराठी नोंदी रोमन लिपीत आहेत, कारण त्या भरल्या तेव्हाच्या प्रणालीला देवनागरी येत नव्हती. ‘शिरवाडकर’ तीन स्पेलिंगांनी शोधावं लागतं, आणि भाचीचा वेळ गेला तो यातच. आता देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं एकाच नोंदीत जोडीने भरता येतात. त्यासाठी एकेक पुस्तक काढून पुन्हा बघायला माणसं लागतात, आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. प्राचार्यांना विचारच करायचा असेल तर त्या जागांचा करावा.