पूर्व तिमोरची चटई

सत्तांतरानंतर मागील हिंसाचाराचा निवाडा गावाने करावा की न्यायालयाने, या वादात पूर्व तिमोरचे नाव क्वचितच निघते, आणि निघाले तरी गावकीच्या शहाणपणाचे गोडवे गाण्यापुरतेच. मला ते कौतुक अर्धवट वाटते.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात तिथल्या ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. त्यानंतर इंडोनेशियन लष्कराने पोसलेल्या टोळ्यांनी गावेच्या गावे पेटवली. पेटवणारे पुष्कळदा त्याच गावचे होते. पुढे ते इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम तिमोरमधल्या छावण्यांतून परतू लागले, तेव्हा न्यायाधीशांपासून सगळे नव्याने उभारणाऱ्या देशाला प्रत्येकावर खटला चालवणे अशक्य होते.

म्हणून २००२ मध्ये कामाला लागलेल्या सत्य आयोगाने ‘नाहे बिती’ या जुन्या रिवाजाचा आधार घेतला. गावात चटई अंथरायची, परंपरेच्या जाणकारांनी, म्हणजे ‘लिया-नाइन’ मंडळींनी, तिच्यावर बसायचे, पानसुपारी व्हायची (हे आपल्यालाही परके नाही) आणि आरोपीने चारचौघांत कबुली द्यायची. ज्याचे घर जळाले, त्याला समोरच विचारता येई, की हे तू कोणाच्या सांगण्यावरून केलेस. मग माफी, भरपाई किंवा गावासाठी श्रमदान ठरे. अशी १,३७१ जणांची प्रकरणे मिटली. जाणकारांत पुरुषांचाच भरणा होता, ही उणीव मात्र राहिली.

कौतुक करणारे विसरतात ते असे, की आरोपीचा जबाब आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात तपासला जाई, खून-बलात्कारासारखे गुन्हे चटईवर येतच नसत, आणि समझोता जिल्हा न्यायालयात नोंदवून तो पाळल्यावरच खटल्यापासून सुटका होई. झाले गेले गंगेला मिळाले, असा हा मामला नव्हता.

घात झाला तो राज्याच्या वाट्याच्या कामात. पूर्व तिमोरची राजधानी दिली, तिथल्या विशेष न्यायपीठांनी ८४ जणांना दोषी ठरवले, पण आरोपपत्रांतले तीनशेहून अधिक जण इंडोनेशियात होते आणि ते कधी हाती आलेच नाहीत. जाकार्तातल्या खास न्यायालयात १८ जणांवर खटले चालले. अपिलांअखेर सगळे सुटले. १९९९ मध्ये इंडोनेशियाचे लष्करप्रमुख असलेले जनरल विरांतो यांच्यावर दिलीत २००३ मध्ये आरोपपत्र ठेवले गेले, आणि २००४ मध्ये खुद्द पूर्व तिमोरचे अध्यक्ष शनाना गुस्माँव त्यांना भेटले. शेजारी बलाढ्य असताना गुस्माँव यांची अडचण मला समजते, पण त्या भेटीची किंमत जळालेल्या घरांच्या धन्यांनी मोजली. विरांतो त्या वर्षी इंडोनेशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते.