हे कोणी आणलं?

डिस्क भरत आल्याची लाल पट्टी दिसली की माणूस आधी हललेले फोटो पुसतो, मग डाउनलोड्समधला गाळ उपसतो. एवढं करूनही पट्टी लालच राहिली की त्याची नजर सॉफ्टवेअरकडे वळते. माझी वळली, आणि तेव्हापासून आमच्या घरात चौकशी आयोग बसलेला आहे.

विंडोजमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी शोधणं हीच प्रवेशपरीक्षा. एक्सपीच्या काळात ती कंट्रोल पॅनलमध्ये ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ या कामगार वळणाच्या नावाने असायची. व्हिस्टात तिचं ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ झालं. विंडोज १० मध्ये ती सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये राहायला गेली आणि ११ मध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ झाली. प्रत्येक वेळी नाव बदललं, आतली मंडळी तीच.

यादी उघडल्यावर पहिला धक्का बसला तो ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या खानदानाचा. २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३, शिवाय ३२ बिटांचं वेगळं आणि ६४ बिटांचं वेगळं. हे काही कामाचे प्रोग्रॅम नव्हेत, दुसऱ्या प्रोग्रॅमना चालायला लागणारी सामग्री. कुठलासा गेम किंवा स्कॅनर घरात येतो तेव्हा आपल्याला लागणाऱ्या साली निघालेलं घेऊन येतो, आणि जाताना बहुधा इथेच टाकून जातो. २०१५ पासून पुढच्या आवृत्त्यांना एकच चालेल एवढा समजूतदारपणा आला, पण आधीचे आपापली सालं धरून बसलेत. यातलं कोणतं कोणासाठी आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. काढावं तर पुढच्या महिन्यात प्रिंटर बोलायचा बंद होईल ही भीती.

मग मी खोलात गेलो. आमच्याकडे खोलात जायचं काम माझ्याकडे असतं. वर यायचं कोणाकडेच नाही. तर ही यादी विंडोज स्वतः घरभर फिरून करत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, ‘अनइन्स्टॉल’ नावाची एक जागा आहे. प्रोग्रॅम आला की त्याचा इन्स्टॉलर तिथे त्याचं नाव, आवृत्ती, कंपनी, तारीख, अंदाजे आकार आणि ‘मला काढायचं असेल तर हे चालवा’ एवढं लिहून ठेवतो. विंडोज तेच आपल्याला वाचून दाखवतं. थोडक्यात, ही धर्मशाळेची वही आहे आणि ती पाहुणेच भरतात. अपडेट झालं की कित्येक जण नवी तारीख टाकतात, त्यामुळे वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेला कालच आल्यासारखा दिसतो. आकाराचा रकाना काही जण कोराच सोडतात. ‘मी सिस्टीमचा भाग आहे, मला यादीत दाखवू नका’ असं लिहायचीही सोय आहे. आणि पोर्टेबल म्हणवणारे, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालणारे, वहीकडे न बघता थेट आत येऊन झोपतात.

ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचं नावही निघालं. त्याचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्याने स्वतःहून काम थांबवलं. रीतसर निवृत्त, पण खोली सोडलेली नाही.

एका भाच्याने कमांडने यादी काढायचा सल्ला दिला. डब्ल्यूएमआयला, म्हणजे विंडोजच्या आतल्या माहिती खात्याला, ‘विन३२ प्रॉडक्ट’ विचारायचं म्हणे. विचारलं. पंखा घोंघावू लागला, यादी काही येईना. नंतर कळलं की या प्रश्नाला उत्तर देताना विंडोज एमएसआय या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीने बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची तब्येत तपासतं आणि बिघाड दिसला तर दुरुस्तीही करायला घेतं. बाकीच्या पद्धतीने आलेले या यादीत येतच नाहीत, ते वेगळंच. मी फक्त ‘कोण कोण आहे?’ एवढंच विचारलं होतं हो!

‘विंगेट लिस्ट’ ही दुसरी कमांड त्या मानाने सभ्य निघाली. झटकन यादी देते, फक्त लांब नावांच्या शेपट्या कापते.

यादी हाती आल्यावर जबान्या सुरू झाल्या.

“अगं, हे तू टाकलंस?”

“मी फक्त पीडीएफ जोडायचं टाकलं होतं.”

“आणि हे हवामान सांगणारं?”

“ते त्याच्याबरोबर आलं.”

यात बायकोचा दोष शून्य. अशा फुकट इन्स्टॉलरमध्ये बरोबर येणाऱ्यांच्या चौकोनांत टिक आधीच केलेली असते, आणि ती दिसते फक्त ‘कस्टम’ निवडणाऱ्याला. ‘नेक्स्ट’च्या वाटेवर ‘कस्टम’ निवडून थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

लेकीने तर मलाच अडाणी ठरवलं. “बाबा, तो गेम नाहीये, गेम सुरू करून देणारा लाँचर आहे. गेम मी कधीच काढला.” म्हणजे नवरदेव निघून गेला, वरात अजून मांडवात.

काढायला जावं तर निरोपसमारंभ निराळा. खरंच काढायचं का? का काढताय? पुन्हा विचार करता का? शेवटी ब्राउझर उघडून कारणांचा फॉर्म पुढे. एवढं झाल्यावरही प्रोग्रॅम आपलं सामान ठेवतात त्या ‘अ‍ॅपडेटा’त त्याच्या नावाचं फोल्डर शिल्लक असतंच. मॅकवालेही प्रोग्रॅम उचलून कचरापेटीत टाकतात आणि हात झटकतात. असंच सामान साठणाऱ्या त्यांच्या ‘लायब्ररी’त डोकावायचं धाडस मात्र करत नाहीत. माझा लिनक्सवाला मित्र हे ऐकून नुसता हसतो. त्याच्याकडे कोणती फाइल कोणत्या पॅकेजची याची नोंद असते, आणि आपण स्वतः मागितलेलं कोणतं हेही ‘एपीटी-मार्क’ नावाची कमांड वेगळं काढून दाखवते. हेवा वाटावा असंच आहे. पण परवा त्यानेही कुठूनसं झिप उतरवून होम फोल्डरमध्ये उलगडलं, आणि त्याची नोंद कुठे आहे असं मी विचारल्यावर त्याला अचानक फोन आला.

अखेर मी साधी दोनशे पानी वही आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवली. रकाने आखले: नाव, कोणी आणलं, कशासाठी. नोंदीशिवाय इन्स्टॉल नाही, असा नियम केला. लेकीने लगेच ‘कशासाठी’खाली ‘लागतं’ असं लिहून मोकळं केलं. बायकोने एका ओळीत ‘वरच्याबरोबर’ लिहिलं. व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ समोर ‘कोणी आणलं’च्या रकान्यात दोन वेगवेगळ्या अक्षरांत एकच शब्द आहे: ‘बाबा’. मी लेखी हरकत नोंदवली आहे. निकाल लागेपर्यंत ते जागेवरच राहील.