वाह पेडल आणि ट्रू बायपास : एक खुलासा

‘ट्रू बायपास नसलेले वाह पेडल गिटारचा आवाज खाते, म्हणून ते विकत घेऊच नये,’ असा सल्ला गिटारवादकांमध्ये फिरत असतो. वाह म्हणजे पायाने पुढेमागे दाबून गिटारच्या आवाजाला ‘वाह-वाह’ असा रंग देणारे पेडल, आणि ट्रू बायपास म्हणजे परिणाम बंद असताना सिग्नल सर्किटला पूर्णपणे टाळून थेट पुढे नेणारी जोडणी. या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

१९६० च्या दशकात बाजारात आलेल्या मूळ धाटणीच्या वाहमध्ये परिणाम बंद केल्यावर सर्किटचे फक्त आउटपुट तुटते, इनपुट गिटारला जोडलेलेच राहते, आणि त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) कमी असल्याने पिकअपवर, म्हणजे गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या भागावर, भार पडून आवाजातली चमक कमी होते. ही तक्रार खरीच आहे. परंतु इनपुटला चांगला बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे पाठवणारे छोटे सर्किट) दिला की तो दोष ट्रू बायपासविनाही जातो; उलट केबल लांब असेल आणि साखळीतली सगळीच पेडल्स ट्रू बायपास असतील, तर केबलच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) ती चमक पुन्हा हरवते.

निवड करताना पाहायचा तो स्वीप, म्हणजे पेडल हलवताना उठून ऐकू येणारे वारंवारतेचे शिखर जिथून जिथवर सरकते तो पल्ला. टाच दाबल्यावर साधारण ४०० हर्ट्झ आणि चवडा दाबल्यावर २ किलोहर्ट्झच्या आसपास शिखर असलेले पेडल बहुतेकांना पुरते. मात्र पॉटच्या (पेडलबरोबर फिरणाऱ्या नियंत्रकाच्या) टेपरनुसार, म्हणजे फिरताना त्याचा रोध कसा बदलतो त्यानुसार, हाच पल्ला एका पेडलमध्ये सावकाश उलगडतो, तर दुसऱ्यात शेवटच्या टप्प्यात एकदम उसळतो, आणि हे पाय ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंडक्टरच्या (वाहच्या सर्किटमधल्या तारेच्या वेटोळ्याच्या) नावावर जादा पैसे मोजण्यापूर्वी एवढे तरी करावे.

फझ फेस (आवाज खरखरीत करणारे एक पेडल) धाटणीच्या पेडलआधी वाह जोडल्यास स्वीप दबतो, तो दोषही बायपासचा नसून फझच्या अत्यंत कमी इनपुट इम्पीडन्सचा आहे. दोहोंमध्ये बफर ठेवल्यास स्वीप परत मिळतो.