‘लेकरांना कुठला आलाय संधिवात?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

बीड, लातूर, परभणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: संधिवात हा म्हाताऱ्यांचा रोग. लेकरांचे पाय दुखतात ते वाढीमुळे. रक्तात ‘आर.ए.’ (संधिवातासाठी करतात ती ‘ऱ्हुमॅटॉईड फॅक्टर’ची तपासणी) निगेटिव्ह आलं की विषय संपला. तरीही डॉक्टर मेथोट्रेक्झेट देत असतील तर ते कॅन्सरचं औषध आहे, बंद करा. बिब्बा घाला, निरगुडीचा शेक द्या.

म्हाताऱ्यांचा रोग म्हणे. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्रज डॉक्टरने लहान मुलांच्या सांध्यांच्या जुनाट आजाराचे 22 रुग्ण 1897 सालीच लिहून ठेवले. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज, तिला आज ‘जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, थोडक्यात जेआयए म्हणतात. दोन वर्षांच्या लेकरालाही तो होतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यात वय, थंडी किंवा दही-चिंच यांचा दोष नाही.

वाढीच्या दुखण्याचं मात्र अर्धं खरं आहे. खेळून दमलेलं लेकरू रात्री पोटऱ्या, मांड्या दुखतात म्हणून रडतं, आईने चोळून दिलं की झोपतं आणि सकाळी उड्या मारत शाळेत जातं. ते वाढीचं दुखणं, त्याला औषध लागत नाही. सांध्याच्या आजारात उलटं होतं: सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं, पाय ओढत चालणं आणि तासाभराने थोडं मोकळं होणं. एकच गुडघा सुजलेला असेल तर वाढीचं नाव घेऊच नये. वाढ काय एका पायाची होते?

आर.ए.चा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करतो. जेआयएच्या शंभर मुलांतली जेमतेम पाचेक मुलं आर.ए. पॉझिटिव्ह असतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टने काहीच सुटत नाही. निदान बोटांनी सांधा चाचपून होतं. आपल्याकडे याचा एक जोडभाऊही आहे: रक्ततपासणीत ‘एएसओ’ वाढलं की लगेच दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. एएसओ एवढंच सांगतं की घशाला स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग होऊन गेलाय. त्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप वेगळा. त्यात आज गुडघा, परवा घोटा असं दुखणं फिरतं, काही आठवड्यांत ओसरतं. पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तिथे ते इंजेक्शन हवंच, आणि वर्षानुवर्षं हवं. चार महिने सुजून राहिलेल्या एकाच गुडघ्याला त्याचा उपयोग नाही.

आता ‘कॅन्सरचं औषध’. मेथोट्रेक्झेट कॅन्सरमध्ये वापरतात, हे खरं. हाडांच्या एका कॅन्सरमध्ये शरीराच्या दर चौरस मीटरमागे 12 ग्रॅमपर्यंत देतात. जेआयएमध्ये चौरस मीटरमागे साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. म्हणजे हजार पटींचा फरक. या छोट्या डोसची चाचणी अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून 127 मुलांवर केली. 10 मिलिग्रॅमच्या गटातली 63 टक्के मुलं सुधारली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतली 36 टक्के. 1992 मध्ये निबंध छापून आला तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. औषध मात्र टिकलं. त्याचा खरा धोका वेगळा आहे, आणि मेसेजमध्ये तो नाही: आठवड्याची गोळी चुकून रोज देणं. ते जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि रक्त व यकृताच्या तपासण्या चुकवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर फाईल आणि गोळ्या बिऱ्हाडाच्या सामानात आधी भराव्यात. उपचार इथेच तुटतात.

निरगुडीच्या शेकाने बरं वाटत असेल तर खुशाल द्या, पण गोळी चालू ठेवून. बिब्बा नको. त्याने कातडी भाजते, सूज आतली आतच राहते. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांपासूनही दूर राहा, कारण अशा काही पुड्यांत न सांगता मिसळलेलं स्टेरॉईड सापडलेलं आहे. लेकरू आठवड्यात पळायला लागतं, महिन्यांनी चेहरा सुजतो आणि उंची खुंटते.

डोळ्यांबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही. जेआयएमध्ये, विशेषतः शाळेत जायच्या आधीच्या वयात एक-दोन सांधे सुजलेल्या मुलींमध्ये, डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. लेकरू तक्रार करत नाही आणि नजर जात राहते. मेथोट्रेक्झेटने आटोक्यात न येणाऱ्या या सुजेवर ॲडॅलिमुमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं इंजेक्शन जोडून दिल्याचा फायदा ब्रिटनमधल्या 90 मुलांच्या चाचणीत इतका उघड दिसला की ती वेळेआधीच थांबवली. निष्कर्ष 2017 मध्ये छापले गेले. भारतीय कंपन्याही आता ते बनवतात, तरी सामान्य घराला ते महागच. पण त्याची गरज आहे का हे कळण्यासाठी आधी डोळे बघावे लागतात. ते स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरकडचं, डोळा आतून मोठा करून दाखवणारं यंत्र), धोका जास्त असलेल्या मुलांचे दर तीन महिन्यांनी, गुडघा पूर्ण उतरला असला तरीही.