गहाण घर बिनबोभाट किरायानं कसं द्यावं

भाऊ, वणीत नाहीतर मौद्यात गृहकर्ज काढून वर दोन खोल्या चढवल्या, तर त्या रिकाम्या ठेवणं पापच. खाणीवरची, वीज केंद्रावरची माणसं घर शोधत फिरतातच. बँकेला विचारायचं काऊन?

कर्जाच्या करारात 'लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने देऊ नये' असं कलम बहुधा असतंच. ते वाचू नका. सही करताना तरी कुठं वाचलं होतं? वाचायला बसलात तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ६५अ पण समोर येईल. करारात मनाई नसली तर गहाण घर देता येतं. पण ३ वर्षांपर्यंतच, वाजवी भाड्याने, पागडी आणि आगाऊ भाडं न घेता. म्हणजे वर्षभराचा किराया एकदम उचलून बोअर मारायचा बेत बुडाला.

करार तोंडीच ठेवा. खेड्यात नोंदणी फी ५०० रुपये, वर मुद्रांक शुल्क! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी करून घेणं घरमालकाचं काम आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कागद नसेल तर अटींबद्दल किरायदार म्हणेल तेच खरं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. उद्या तो म्हणाला, "भाडं ठरलं होतं ५००," तर करा सिद्ध.

आयकरात घरात स्वतः राहतो असंच दाखवा. भाडं दाखवलं असतं तर त्यातून सरळ ३० टक्के वजावट मिळाली असती, पण तो मार्ग फारच सोपा.

आता खरी गंमत. सोयाबीन हातचं गेलं, हप्ते थांबले. ९० दिवस उलटले की खातं थकीत, मग सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. (वावराला हा कायदा लागत नाही, गावातल्या घराला लागतो.) नोटीस आल्यावर नवा किरायदार ठेवायलाही बँकेची लेखी संमती लागते. तेव्हा हुशार माणसं मागच्या तारखेचा स्टॅम्प पेपर शोधतात. या कायद्याचा भंग केला तर कलम २९ मध्ये वर्षभरापर्यंत कैदेची सोय आहे, जेवणासकट.

"किरायदार आहे, त्याला कोण काढते?" असं छातीठोक सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, की तोंडी किंवा बिननोंदणी करारावरच्या भाडेकरूला एका वर्षापलीकडे ताबा धरता येत नाही. बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, कलम १४ खाली ताबा घेते, दाराला नोटीस डकवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे पानठेल्यावर सगळ्यांना वाचता येईल असं. किरायदाराला दाद मागायची तर ४५ दिवसांत नागपूरचं कर्जवसुली न्यायाधिकरण गाठावं लागतं, वकिलाच्या फीसकट. त्याने दिलेलं डिपॉझिट तुम्ही बोअरात घातलेलं.

परवानगीचा अर्ज तसा एका पानाचा असतो: कर्ज खातं क्रमांक, किरायदाराचं नाव, ११ महिन्यांच्या कराराचा मसुदा, आणि बँकेने ताबा मागितल्यास घर सोडीन अशी त्याची हमी. हप्ते वेळेवर असतील तर मॅनेजरला नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. पण मग सगळ्या गावाला कळेल ना, की घर गहाण आहे.